मागीलदारची रात्रपाळी

कोकणातल्या घराला दोन दारे असतात. पुढच्या दाराने येणारे पाहुणे आपल्या ओळखीचे. ते हाक मारतात, पायांवर पाणी घेतात, ओटीवर टेकतात आणि चहा घेऊन जातात. मागच्या दाराने येणारे पाहुणे निराळे. ते दिवे मालवल्यावर येतात, हाक मारीत नाहीत आणि आपण उठायच्या आत निघून जातात. आज मला तुम्हांला या दुसऱ्या पाहुण्यांविषयी सांगायचे आहे. आणि त्यांची छायाचित्रे काढायला निघालेल्या एका निवृत्त शाळामास्तराला त्यांनी काय शिकवले, तेही सांगायचे आहे.

घर रत्नागिरी जिल्ह्यात आहे. गावाचे नाव मात्र विचारू नका. ते मी का सांगत नाही, हे शेवटी तुमच्या ध्यानात येईल.

नोकरीची तीस वर्षे घाटावर काढून आम्ही उभयता गावच्या घरी राहायला आलो. घर जुने, चिऱ्याचे. मागीलदारी विहीर, विहिरीपलीकडे लहानसे आगर. त्यात काही माड, काही पोफळी, दोन रातांबे आणि एक उंच भेरलीमाड. आगराला दगडी गडगा. गडग्यापलीकडे पऱ्या, आणि पऱ्या ओलांडून चढण चढले की कातळाचा सडा. लहानपणापासून मी हे सगळे पाहत आलो होतो. पण पाहत आलो होतो म्हणजे दिवसा, आणि तेही सुट्टीत. ज्या अंगणाचा सातबारा आपल्या नावावर आहे, ते अंगण रात्री कोण वापरते, याची चौकशी मी कधी केली नव्हती.

ही चौकशी करायला कॅमेरा लागत नाही, हे आधी सांगून टाकतो. चुलीतली राख चाळून घ्यावी आणि निजायच्या आधी गडग्याच्या खिंडाराशी हातभर रुंदीचा पातळ थर पसरावा. सकाळी तिथे वर्तमानपत्र छापून तयार असते. फक्त लिपी शिकून घ्यावी लागते. कुत्र्याच्या, कोल्ह्याच्या पावलापुढे नखांची टोके उमटतात. मांजराच्या कुळातली जनावरे नखे आत ओढून चालतात, त्यांचे पाऊल गोल आणि बिननखी. ससा उड्या मारीत जातो, म्हणून त्याचे मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडलेले दिसतात. साळिंदर गेले असेल तर पावलांच्या आजूबाजूला कोणी केरसुणी फिरवावी तशा रेघा दिसतात. त्या त्याच्या काट्यांच्या. आणि गडग्यावर सकाळी रातांब्याच्या किंवा भेरलीमाडाच्या सगळ्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली, तर ती कांडेचोराची, म्हणजे उदमांजराची समजावी. फळ त्याने खाल्ले, पण बी जशीच्या तशी दुसऱ्या जागी नेऊन ठेवली. आमच्या आगरातला एक रातांबा कोणी लावला हे घरात कोणाला आठवत नाही. माझा संशय या माळ्यावर आहे.

तर पहिल्याच वर्षी, दिवाळीनंतर, आमच्या आणि शेजारच्या तात्यांच्या मिळून सात कोंबड्या नाहीशा झाल्या. एका वेळी एक, दोन-तीन दिवसांच्या अंतराने. सकाळी खुराड्याचे दार ढकललेले आणि चार पिसे पडलेली. तात्या संतापून आमच्या ओटीवर आले.

"मास्तर, हा कांडेचोराचाच धंदा. तुमच्या माळ्यावर बिऱ्हाड आहे त्याचं. उद्या गडग्याच्या खिंडारात फासकी लावतो. एकदा गळा आवळला की मिटलं."

माळ्यावर बिऱ्हाड होते, हे खरे. रात्री वरच्या फळ्यांवरून कोणीतरी गोट्या खेळत असल्यासारखा आवाज यायचा. पण फासकी म्हणजे काय, हे तुम्हांला ठाऊक असेल. मोटारसायकलच्या क्लचची तार, तिचा सरकता फास. ती माणूस ओळखत नाही आणि जनावरही ओळखत नाही. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकून मेल्याची बातमी कोकणात अधूनमधून वाचायला मिळते. शिवाय हा कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा सांगून तात्या ऐकतील, असा तो दिवस नव्हता.

मी म्हटले, "तात्या, मला आठ दिवस द्या."

"आठ दिवसांत काय करणार?"

"चोराचा फोटो काढतो."

"आणि मग त्याला नोटीस पाठवणार की काय?"

पण त्यांनी आठ दिवस दिले. माझ्या पुतण्याने मला एक कॅमेरा आणून दिला होता. त्याला कॅमेरा ट्रॅप म्हणतात. नावात सापळा असला, तरी त्यात सापडते ते फक्त चित्र.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत जॉर्ज शिरास याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रात्रीच्या हरणांची छायाचित्रे काढली, आणि १९०६ साली नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने त्याची चौऱ्याहत्तर चित्रे एकाच अंकात छापली. आपल्याकडे जंगल खात्यातला एक इंग्रज अधिकारी, एफ. डब्ल्यू. चँपियन, याने १९२०च्या दशकात शिवालिकच्या पायथ्याच्या रानात वाघांच्या वाटेवर तार ताणून कॅमेरे मांडले. वाघाचा पाय तारेला लागला की झगझगीत उजेड व्हायचा आणि चित्र निघायचे. वाघ आपले चित्र आपणच काढून घ्यायचा म्हणा ना! त्याचे पुस्तक १९२७ साली निघाले. बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन वाघामागे जाणारा माणूस त्या काळी विक्षिप्त ठरला असल्यास नवल नाही.

आजच्या कॅमेऱ्याला तार लागत नाही, झगझगाटही लागत नाही. त्याला उष्णतेतला फरक ओळखणारा एक डोळा असतो. समोरून ऊबदार अंगाचे काही सरकले की तो जागा होतो आणि चित्र घेतो. रात्री तो आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतो, म्हणून रात्रीची चित्रे काळीपांढरी येतात. चित्राच्या खाली तारीख आणि वेळ छापलेली असते. साक्षीपुराव्याला याहून अधिक काय हवे?

पण यंत्र शहाणे असले तरी ते बांधणारा शहाणा असावा लागतो. पहिल्या रात्री मी कॅमेरा एका बारीक पोफळीला बांधला, आणि समोर केळीचे पान होते. सकाळी मोजली तर तीनशेच्या वर चित्रे निघाली. सगळी केळीच्या पानाची! वारा, पान आणि डोलणारी पोफळ यांनी मिळून रात्रभर माझी थट्टा केली होती. दुसऱ्या रात्री एका कोळ्याने भिंगासमोर जाळे विणले. तिसऱ्या रात्रीच्या चित्रांत मी स्वतःच होतो. कॅमेरा नीट लागला की नाही हे बघायला बॅटरी घेऊन तीनदा गेलो होतो. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "मागीलदारी सगळ्यांत जास्त वावर असलेलं जनावर कोणतं, हे तर कळलं!"

चुकत चुकत मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. कॅमेरा न हलणाऱ्या खांबाला, साधारण गुडघ्याच्या उंचीवर बांधावा. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवावे, म्हणजे उगवता-मावळता सूर्य त्याच्या डोळ्यांत जात नाही. समोरचे गवत आणि लोंबती पाने काढावीत. वाट त्याच्यासमोरून आडवी जावी. अंगावर चालून येणाऱ्या जनावरापेक्षा आडवे जाणारे त्याला लवकर कळते. पावसाळ्यात आत दमटपणा शोषणारी पुडी ठेवावी. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, एकदा लावल्यावर तिकडे फिरकू नये.

चौथ्या रात्रीपासून मी फिरकलो नाही. आणि मग मागीलदारची रात्रपाळी मला दिसू लागली. संध्याकाळी सहाला मुंगूस घरी परतले. साडेआठला ससा. पावणेबाराला कांडेचोर गडग्यावरून चालत आला आणि खुराड्याकडे ढुंकूनही न पाहता भेरलीमाडावर चढला. मागोमाग एक पिल्लू होते. दोन वाजता साळिंदर, काटे मिटून, एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखे खाली पाहत करांद्यांच्या वेलाकडे गेले. प्रत्येकाची वेळ ठरलेली, वाट ठरलेली. इतकी वर्षे ही सगळी मंडळी माझ्या उशापासून पन्नास पावलांवर नांदत होती आणि मला पत्ता नव्हता.

सहाव्या रात्री, चार वाजून दहा मिनिटांनी, चोर सापडला. तोंडात कोंबडी धरून तो थेट कॅमेऱ्याकडे पाहत होता. तो होता तात्यांचाच कुत्रा वाघ्या. दिवसभर त्यांच्या पायरीवर झोपणारा, पोळीच्या तुकड्यासाठी शेपटी हलवणारा वाघ्या!

तात्यांनी चित्र दोनदा पाहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "कुंपणानंच शेत खाल्लं, मास्तर." त्याच संध्याकाळी फासकीची तार त्यांनी परसातल्या मांडवाला बांधून टाकली. खुराड्याला बारीक जाळी आणि कडी बसली, वाघ्याला रात्रीची साखळी आली, आणि चोऱ्या थांबल्या.

आता कांडेचोर कोंबडीला कधी शिवतच नाही, असे मी म्हणत नाही. संधी मिळाली तर तोही नेतो. पण ही चोरी त्याची नव्हती, आणि फाशी त्याला होणार होती. रानच्या जनावरांवरचे आपले पुष्कळ खटले असेच, आरोपीला न पाहता चालतात. बिबट्याचेच घ्या. तो दिसला की "गावात बिबट्या शिरला" असे आपण म्हणतो. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, अकोले तालुक्यात उसाच्या मुलखात असेच कॅमेरे लावले. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची ठेवण निराळी असते, त्यामुळे एकेक जनावर ओळखता येते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले, आणि जवळजवळ तितकीच तरसे. तीही कुठे, तर दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा ठिकाणी! म्हणजे बिबट्या गावात शिरला नव्हता. तो तिथलाच रहिवासी होता. आपल्याला दिसला तेवढाच काय तो त्या दिवशी.

इथे माझी गोष्ट संपली असती, तर मी मोठ्या अभिमानाने सांगितली असती. पण पुढचे सांगायला थोडे जड जाते.

पुढल्या माघात पऱ्याच्या वरच्या अंगाला मला एक वारूळ फोडलेले दिसले. कुदळीने फोडल्यासारखे, पण माणसाच्या पावलांचा माग नाही. थोड्या अंतरावर एक बीळ होते आणि त्याच्या तोंडाशी ताजी माती. मी कॅमेरा लावला. आठ रात्री काहीच आले नाही. नवव्या रात्री सव्वादोन वाजता खवलेमांजर आले. एकटे नव्हते. शेपटीच्या बुडाशी, घट्ट चिकटून बसलेले पिल्लू होते.

खवलेमांजराविषयी दोन शब्द सांगायला हवेत. नावात मांजर असले तरी मांजराशी त्याचा संबंध नाही. त्याला दात नसतात. लांब, चिकट जिभेने ते मुंग्या आणि वाळवी टिपून खाते. अंगभर खवले असतात, आणि ते आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात. मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते. संकट आले की ते अंगाचे वेटोळे करून पिल्लू पोटाशी घेते आणि स्वस्थ पडून राहते. ही ढाल वाघालाही सहसा भेदता येत नाही. पण माणूस ते वेटोळे तसेच उचलतो आणि गोणीत घालून नेतो. खवल्यांत औषधी गुण आहेत या खोट्या समजुतीपायी त्याची परदेशांत चोरटी विक्री होते. २०१६ साली राष्ट्राराष्ट्रांतल्या करारान्वये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे. त्याची शिकार करणाऱ्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते.

हे सगळे मला माहीत होते. तरीही मी काय केले? आमच्या गावकऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. मुंबईकर चाकरमानी धरून दीडशेच्या वर माणसे. त्यावर मी ते चित्र टाकले. खाली हौसेने लिहिले: "आमच्या पऱ्याच्या वरच्या अंगाला, काल रात्री." दिवसभर शाबासक्या येत होत्या. कोणी ते चित्र पुढे पाठवले, त्यांनी आणखी पुढे पाठवले. मला फार बरे वाटत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोटारसायकलवरून दोन अनोळखी तरुण आले. बोलायला अदबशीर. पाणी मागून प्यायले. मग एकजण हळूच म्हणाला, "मास्तर, तुमच्याकडं खवल्या दिसला म्हणतात. जागा दाखवलीत तर तुमचाही विचार करू."

माझ्या हातातला तांब्या थरथरला. आयुष्यभर मुलांना खरे बोला म्हणून सांगत आलो. त्या दिवशी मी धडधडीत खोटे बोललो. म्हटले, ते चित्र दुसऱ्या कोणाचे आहे, मी नुसते पुढे पाठवले. ते हसले आणि गेले. त्यांचा विश्वास बसला असेल असे मला वाटत नाही.

मी तसाच वनखात्याच्या चौकीवर गेलो. वनरक्षक आले, जागा पाहून गेले, रात्रीची एक फेरी तिकडून मारू लागले. आणि त्या संध्याकाळी घोंगडी आणि काठी घेऊन आमच्या मागीलदारी कोण उभे राहिले असेल? तात्या. तीन महिन्यांपूर्वी फासकी लावायला निघालेले तात्या. म्हणाले, "मास्तर, पहिला पहारा माझा. तुम्ही बारानंतर या."

सात रात्री आम्ही दोघे म्हातारे पऱ्याच्या काठावर आळीपाळीने बसलो. कोणी आले नाही. माणूस आला नाही आणि खवलेमांजरही आले नाही. आठव्या दिवशी सकाळी पाहिले तर बिळाच्या तोंडावर कोळ्याचे जाळे होते, त्यावर दव पडलेले. जाळे अखंड होते. ती तिथून आपणहून गेली, की आमच्याच वावराला बिचकून गेली, की आम्ही पहारा सुरू करण्याआधीच तिला कोणी नेली? आजतागायत मला कळलेले नाही. वाघ्याच्या खटल्यात माझ्या चित्राने एका निरपराध जिवाला सोडवले होते. या खेपेला त्याच चित्राने एका निरपराध जिवाचा पत्ता सांगितला होता. कॅमेरा एकच, हातही एकच.

तेव्हा तुम्ही खेड्यात राहत असाल, किंवा सुट्टीला गावच्या घरी जात असाल, तर मागीलदारी जरूर लक्ष ठेवा. राख पसरा, पावलांची लिपी शिका, जमले तर कॅमेराही लावा. मात्र तो आपल्याच हद्दीत लावा. वनखात्याच्या जागेत परवानगीवाचून लावू नये. शेजाऱ्यांना सांगून लावा, आणि बायामाणसांच्या पाणवठ्याकडे, न्हाणीकडे त्याचे तोंड कधीही करू नका. चित्र मिळावे म्हणून खाणे टाकून जनावराला सवय लावू नका. घरटे, बीळ, पिल्ले असतील तिथे पुन्हा पुन्हा जाऊ नका. आणि चित्र मिळाले की पहिली ऊर्मी दाबून ठेवा. दाखवायचेच असेल तर जागा सांगू नका. मोबाइलने काढलेल्या चित्रात तर जागेची नोंद आपल्या नकळत दडलेली असू शकते. ती सोय आधी बंद करून घ्या.

गावच जर राखणदार झाले तर गोष्ट निराळी. चिपळूण तालुक्यात डुगवे नावाचे गाव आहे. तिथल्या लोकांनी २०२० साली खवलेमांजराची प्रतिकृती पालखीत बसवून तिचा उत्सव केला. जिथे जनावर पालखीत बसते, तिथे त्याचे नाव मोठ्याने घ्यायला हरकत नाही. आमचे गाव अजून तिथवर पोचलेले नाही. सुरुवातीला मी गावाचे नाव का सांगितले नाही, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

शेवटी एक सांगतो. त्या गोष्टीला दोन पावसाळे उलटून गेल्यावर, एके सकाळी कॅमेऱ्यातली चित्रे बघत होतो. मुंगूस, ससा, केळीचे पान, पुन्हा केळीचे पान. आणि एका चित्राच्या कोपऱ्यात, निघून जाता जाता उमटलेली, खवल्यांची एक शेपटी. तीच की दुसरे कोणी, त्या शेपटीवरून सांगता येणार नाही. हे चित्र मी एकट्या तात्यांना दाखवले. तात्यांनी चष्मा लावला, चित्र डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ निरखले, कॅमेरा माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले,

"मास्तर, मला काही दिसलं नाही."